पहिला बल्ब जास्त उजळेल का? वर्गातलं ॲनिमेशन आणि सिम्युलेशन

नववीला ‘धाराविद्युत’ शिकवून झाल्यावर मी फळ्यावर एक साधी आकृती काढते. एक घट, तारा आणि एकामागून एक जोडलेले दोन सारखे बल्ब. मग विचारते, कुठला बल्ब जास्त उजळेल? सूत्रं तोंडपाठ असलेली, ओहमच्या नियमावरची उदाहरणं बिनचूक सोडवणारी मुलंसुद्धा ठामपणे सांगतात, पहिला. का, म्हटलं की उत्तर येतं, “बाई, वीज आधी त्याच्याकडे पोहोचते ना. तो थोडी वापरतो, उरलेली दुसऱ्याला मिळते.”

उत्तर चुकीचं आहे, पण त्यामागे विचार आहे. नळाला पाणी येतं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घरांत हंडे भरून होतात आणि शेवटच्या घरी करंगळीएवढी धार येते, हे मुलांनी रोज पाहिलेलं असतं. ‘लाइट बंद कर, बिल वाढतंय’ हेही रोज ऐकलेलं असतं. म्हणजे वीज ही वाटेत खर्च होणारी वस्तू आहे, असा त्यांनी लावलेला अर्थ अनुभवाला धरूनच असतो. ‘एकसर जोडणीत सर्वत्र विद्युतधारा समान असते’ हे पुस्तकातलं वाक्य ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि मनातली नळाची धार तशीच राहते. तारेच्या आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही, त्यामुळे त्या वाक्याला मनात टेकायला जागाच मिळत नाही.

ॲनिमेशन आणि सिम्युलेशन वर्गात आणायचं ते अशा जागेसाठी. हे दोन शब्द आपण सरसकट एकाच अर्थाने वापरतो, तो फरक आधी समजून घेऊ.

ॲनिमेशन म्हणजे हलतं चित्र. काय दाखवायचं, कुठल्या क्रमाने, किती वेगाने, हे करणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. हृदयाचे कप्पे कसे आकुंचन पावतात, रक्त कुठून कुठे जातं, हे ॲनिमेशन सुरेख दाखवतं. पण एखाद्या मुलीने विचारलं, “बाई, मधली झडप नीट बंदच झाली नाही तर?” तर ॲनिमेशनकडे उत्तर नसतं. ते पुन्हा तेच दाखवतं. सिम्युलेशनच्या पोटात चित्रांऐवजी नियम असतात. तुम्ही बल्ब जोडला, घट बदलला, तार तोडली की संगणक त्या क्षणी नियमाने हिशोब करतो आणि त्याप्रमाणे पडद्यावरचं दृश्य बदलतं. ‘जर असं केलं तर?’ हा प्रश्न ॲनिमेशनला विचारता येत नाही, सिम्युलेशनला येतो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा फरक हाच आहे, बाकीचे तांत्रिक.

विज्ञानाच्या शिक्षकांमध्ये ‘फेट’ (PhET) या सिम्युलेशन-संग्रहाचं नाव ओळखीचं आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वाईमन यांनी २००२ साली हा प्रकल्प सुरू केला. आदल्याच वर्षी, २००१ मध्ये, त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. अतिथंड अणूंवर काम करणारा हा शास्त्रज्ञ पुढे ‘विद्यार्थ्यांना विज्ञान का समजत नाही’ याच प्रश्नामागे लागला, याचं मला फार अप्रूप वाटतं. फेटची सिम्युलेशन्स मोफत आहेत, अनेकांची मराठी भाषांतरंही आहेत, आणि त्यातला परिपथ (सर्किट) जोडायचा संच माझ्या वर्गात सगळ्यात जास्त वापरला जातो.

त्यात ९ व्होल्टचा घट आणि १० ओहमचे दोन बल्ब एकसर जोडा. तारांमधून निळे गोळे सरकायला लागतात. हे इलेक्ट्रॉन. आता विद्युतधारा मोजणारा ॲमीटर पहिल्या बल्बच्या अलीकडे लावा, मग दोन बल्बांच्या मधे, मग दुसऱ्याच्या पलीकडे. तिन्ही ठिकाणी ०.४५ ॲम्पिअर. दोन्ही बल्ब सारखेच उजळलेले. गोळे मोजत बसलात तरी जितके आत गेले तितकेच बाहेर येताना दिसतात. कुणी वाटेत ‘संपत’ नाही.

इथे वर्ग गप्प होतो. मग कुणीतरी नेमका प्रश्न विचारतं, “मग बल्ब पेटतो कशावर? आणि बिल कशाचं येतं?” या प्रश्नासाठीच हा सगळा खटाटोप असतो. मी त्यांना सायकलची चेन आठवायला सांगते. पायडल मारलं की चेनच्या कड्या मागच्या चाकाकडे जातात आणि परत येतात. जाताना जितक्या, येताना तितक्याच. एकही कडी खर्च होत नाही. तरी चाक फिरतं, कारण आपल्या पायातली ऊर्जा चेनमार्फत तिकडे पोहोचते. थकतो तो पाय. परिपथात इलेक्ट्रॉन म्हणजे कड्या, आणि पाय म्हणजे घट. घट ‘उतरतो’ तेव्हा त्यातली रासायनिक ऊर्जा सरलेली असते, इलेक्ट्रॉन नव्हे. घरी येणारं बिलही ऊर्जेचंच असतं, म्हणून तर ते किलोवॅट-तासांत, आपल्या बोलीत युनिटमध्ये मोजतात.

चेनमुळे आणखी एक कोडं सुटतं. गोळे इतके हळू सरकतात, तर बटण दाबताच दिवा कसा लागतो? खऱ्या तांब्याच्या तारेतले इलेक्ट्रॉन तर नेहमीच्या वापरात सेकंदाला एक मिलिमीटरसुद्धा पुढे जात नाहीत. पण चेन आधीच सगळीकडे ताणलेली असते. पुढची कडी ओढली की मागचं चाक लगेच हलतं, पुढची कडी तिथवर पोहोचायची वाट पाहत नाही.

सिम्युलेशनने इथे न दिसणारी गोष्ट दिसती केली. आणि मुलीने मनातली शंका स्वतःच्या हाताने तपासली. बाईंनी सांगितलं म्हणून तिने मान्य केलं नाही. तिने ॲमीटर हलवला.

मग सगळंच पडद्यावर शिकवावं का? नाही. त्याचं कारण आपल्या मनाच्या रचनेत आहे.

स्वयंपाकघरातला ओटा डोळ्यासमोर आणा. फडताळात शेकडो भांडी आणि डबे मावतात, पण ओट्यावर एका वेळी चारपाच गोष्टीच राहतात. परात ठेवायची तर पाट बाजूला करावा लागतो. आपल्या स्मरणशक्तीचंही असंच आहे. आयुष्यभराचं साठवलेलं एका मोठ्या फडताळात असतं, पण नवीन गोष्ट समजून घेताना मनाचा ओटा अगदी लहान असतो. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये त्यावर साधारण सात गोष्टी मावतात असं मांडलं. पुढच्या संशोधनात हा आकडा चारच्या आसपास आला. जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून यावर शिकवण्याचा एक अख्खा सिद्धांत उभा केला. त्याचं सार असं की शिकणाऱ्याच्या ओट्यावर अनावश्यक भांडी ठेवू नका.

आता दोन मिनिटांचं एखादं झगमगीत ॲनिमेशन बघा. मागे संगीत, कोपऱ्यात नाचणारं पात्र, खाली इंग्रजी ओळी, मधे चारपाच गोष्टी एकदम हलतायत, आणि निवेदक भरभर बोलतोय. पुस्तकातल्या आकृतीवर मुलगा बोट ठेवून थांबू शकतो, मागे येऊ शकतो. हलतं चित्र थांबत नाही. आत्ताचं समजून घेईपर्यंत ते गेलेलं असतं, आणि गेलेलं लक्षात ठेवायचं ओझं ओट्यावर वाढतं. मुलं खूश असतात, शांत असतात, डोळे पडद्यावर असतात. त्यावरून त्यांना समजलं असं आपण समजतो. मीही अनेक वर्षं तसंच समजत होते.

रिचर्ड मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. वीज कशी कडाडते, फ्लशची टाकी कशी चालते, समुद्राच्या लाटा कशा होतात, गाडीचे ब्रेक कसे लागतात, असे चार विषय. काही विद्यार्थ्यांना निवेदनासह ॲनिमेशन दाखवलं, काहींना कागदावर टप्प्याटप्प्याची स्थिर चित्रं आणि मजकूर दिला. कागदवाले कुठेच मागे पडले नाहीत, काही चाचण्यांत तर पुढेच निघाले. स्थिर चित्रांमधली हालचाल मनाला स्वतः जोडावी लागते, आणि त्या जोडण्यात समजणं घडतं, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

यावरून ॲनिमेशन निरुपयोगी ठरवणंही बरोबर नाही. २००७ मध्ये होफलर आणि लॉइटनर यांनी २६ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एकंदरीत हलत्या चित्रांचा मध्यम फायदा दिसला. तो विशेष कुठे होता हे पाहण्यासारखं आहे. जिथे हाताने करायची कृती शिकायची होती तिथे, आणि जिथे ती हालचाल हाच शिकण्याचा विषय होता तिथे. निव्वळ सजावट म्हणून हलणाऱ्या चित्रांचा तसा उपयोग झाला नाही. आपल्याला हे घरातही दिसतं. करंजीची मुरड कशी घालायची हे वाचून येत नाही, कुणाचे तरी हात पाहावे लागतात. पण करंजी तळताना का फुटते हे समजायला व्हिडिओ लागत नाही.

म्हणून मी पडदा उघडण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारते. इथे हालचाल हाच मुद्दा आहे का? पेशीविभाजनात आहे. लाटेत आहे, कारण लाट पुढे जाते पण पाणी जागच्या जागी वरखाली होतं, हे स्थिर चित्रात दाखवणं फार अवघड जातं. पेशीच्या भागांची नावं शिकवताना मात्र नाही, तिथे फळ्यावर हळूहळू काढलेली आकृती जास्त चांगली. भूमितीत जिओजेब्रासारखं, संगणकावर आकृत्या काढून हलवता येणारं साधन कामाला येतं. २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला मार्कुस होहेनवार्टर यांनी ते करायला घेतलं. त्यात त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढत न्या, कोन बदलत राहतात, बेरीज १८० अंशांवरून हलत नाही. शंभर त्रिकोण वहीत काढायला जो वेळ लागेल त्यात मुलं ‘असं का होतं?’ या प्रश्नापर्यंत पोहोचतात. सिद्धता मग वहीतच करायची, ती पडद्यावर होत नाही.

आता माझ्या शिकवण्यात सगळ्यात मोठा बदल ज्याने केला तो अभ्यास सांगते. हार्वर्ड विद्यापीठात एरिक मॅझूर यांच्या गटाने २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. वर्गात शिक्षक प्रयोग करून दाखवतात, त्याचा उपयोग किती होतो, हा प्रश्न होता. एका गटाला प्रयोग दाखवलाच नाही. दुसऱ्याने नुसता पाहिला. तिसऱ्याने आधी ‘काय होईल’ याचा अंदाज नोंदवला आणि मग पाहिला. चौथ्याने अंदाज, मग प्रयोग, मग आपसात चर्चा, असं केलं. सत्राच्या शेवटी ‘काय होईल आणि का’ हे विचारलं. ‘का’चं बरोबर उत्तर प्रयोग न पाहिलेल्यांपैकी २२ टक्क्यांनी दिलं आणि नुसता पाहणाऱ्यांपैकी २४ टक्क्यांनी. फरक जवळपास नाहीच. अंदाज बांधणाऱ्यांत ते ३० टक्के झालं, चर्चा करणाऱ्यांत ३२.

हे खऱ्या उपकरणांवरच्या, डोळ्यांसमोर घडणाऱ्या प्रयोगांबद्दल आहे. पडद्यावरच्या चित्राला यातून सूट कशी मिळेल? नुसतं पाहणं म्हणजे न पाहण्यासारखंच. अंदाज बांधायला दोन मिनिटं लागतात. पण एकदा मुलीने वहीत ‘पहिला बल्ब जास्त उजळेल’ असं लिहिलं, की पुढे दिसणाऱ्या दृश्याशी तिचं काहीतरी नातं जडतं. ते चुकलं तर ती विचारते. न लिहिलेलं चुकत नाही, मनातल्या मनात ‘मला असंच वाटलं होतं’ म्हणून मिटून जातं.

त्यामुळे माझा तास असा चालतो. आधी प्रश्न, तोही फळ्यावर, प्रोजेक्टर बंद ठेवून. प्रत्येकाने वहीत अंदाज आणि एक ओळ कारण लिहायचं. मग शेजाऱ्याशी बोलायचं, आणि मत बदललं तर पहिलं न खोडता खाली दुसरं लिहायचं. त्यानंतरच सिम्युलेशन. माउस माझ्या हातात नसतो. ज्यांचे अंदाज वेगळे आहेत अशा दोघांना पुढे बोलावते, एक सांगतो आणि दुसरा करतो. निकाल दिसायच्या आधी थांबवते. “आता काय होणार?” पुन्हा एकदा हात वर. मग चालू. शेवटची दहा मिनिटं पडदा बंद आणि ‘का’ वर बोलणं. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत पडदा जेमतेम दहा मिनिटं चालू असतो, आणि तेवढा पुरतो.

ॲनिमेशन किंवा व्हिडिओ असेल तर मी आवाज बंद करते आणि स्वतः मराठीत बोलते. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी निवेदन ऐकून त्याचं मनात भाषांतर करायचं, खालच्या ओळी वाचायच्या आणि चित्रही पाहायचं, हे त्याच्या ओट्यावर तिप्पट ओझं आहे. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवर नेतात, त्यामागे अनेकदा व्हिडिओ असतो. तो सलग लावू नका. तीन ठिकाणी थांबा, आणि थांबायच्या जागा आदल्या रात्री ठरवून ठेवा.

इंटरनेट नसण्याची अडचण मोठी वाटते, पण फेटची नवी सिम्युलेशन्स एकेका फाइलच्या रूपात उतरवून घेता येतात आणि मग नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. एका पेनड्राइव्हवर वर्षभराचं सामान मावतं. प्रोजेक्टर नसेल तर पाच मुलांत एक फोन, तोही चालतो. वर्गात एखादं मूल अंध किंवा अंधुक दृष्टीचं असेल तर त्याच्यासाठी पडद्याचा आग्रह धरू नये. त्याच्या हातात खरी तार, खरा घट आणि बल्बऐवजी छोटा बझर द्यावा, परिपथ पूर्ण झाल्याचं त्याला ऐकू येईल.

आता एक धोका, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. चित्र जितकं सुंदर, तितकं ते खरं वाटतं, आणि प्रत्येक चित्र कुठेतरी खोटं असतंच.

ऋतू घ्या. पृथ्वीची कक्षा आपण पुस्तकांत आणि ॲनिमेशनमध्ये तिरकी पाहतो, म्हणून ती अंड्यासारखी लांबट दिसते. मुलं त्यावरून निष्कर्ष काढतात की सूर्याजवळ गेलो की उन्हाळा, लांब गेलो की हिवाळा. चित्र बघता हा निष्कर्ष तर्कशुद्ध आहे! प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. तेव्हा आपल्याकडे थंडी असते. सर्वांत लांब जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. फळ्यावर एक मीटर व्यासाची कक्षा अचूक काढली तर तिची लांबी आणि रुंदी यांतला फरक खडूच्या रेघेच्या जाडीपेक्षा कमी भरेल. ऋतू होतात ते आसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलामुळे. पण त्या ॲनिमेशनने मुलांना न बोलता उलटंच शिकवलेलं असतं.

चंद्रकलांचंही तसंच. पडद्यात मावावा म्हणून चंद्र पृथ्वीला खेटून काढतात, आणि मुलांना वाटतं, कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात. शाळेतला पृथ्वीगोल ३० सेंटिमीटरचा असेल तर चंद्र ८ सेंटिमीटरचा चेंडू घेऊन ९ मीटर लांब, म्हणजे बहुतेक वेळा वर्गाच्या भिंतीपलीकडे, उभं राहावं लागेल. मी एका मुलाला चेंडू घेऊन व्हरांड्यातून चालत पाठवते. एवढ्या अंतरावरून त्याच्यावर रोज सावली पडणं किती अवघड आहे ते लगेच कळतं. मग पडद्याकडे वळून विचारते, “यात काय काय खोटं दाखवलंय?” हा प्रश्न प्रत्येक सिम्युलेशननंतर विचारायची सवय लावली आहे. अंतरं, आकार, रंग, वेग. इलेक्ट्रॉन निळे नसतात, अणूंना कडा नसतात.

शक्य असेल तिथे पडद्यावरचं आकाशाशी ताडून पाहावं. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपल्या प्रत्येक गावात वर्षातून दोनदा भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्यात हे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस होतं. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या मोफत संगणक-प्रणालीत आपलं गाव घालून मुलं तारीख आधी काढून ठेवतात. मे महिन्यात सुट्टी असते आणि जुलैत ढग, म्हणून हा प्रयोग मी सुट्टीत अंगणात करायला सांगते. जून महिन्यात मुलं वेगवेगळ्या गावांच्या तारखा घेऊन येतात, आणि त्या सारख्या का नाहीत यावर एक अख्खा तास सहज जातो.

परिपथाच्या बाबतीत कोलोरॅडोच्याच गटाने २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. प्रयोगशाळेत खऱ्या तारा-बल्बांऐवजी सिम्युलेशनवर काम केलेल्या विद्यार्थ्यांना परिपथाच्या संकल्पना जास्त चांगल्या समजल्या, आणि नंतर खरा परिपथ जोडायला दिला तेव्हाही ते मागे नव्हते. अभ्यास साधन बनवणाऱ्यांनीच केलेला आहे हे लक्षात ठेवून तो वाचावा. पण कारण पटण्यासारखं आहे. खऱ्या उपकरणांत तारा ढिल्या असतात, होल्डर गंजलेले असतात, बल्ब पेटला नाही तर चूक विचारात आहे की स्क्रूमध्ये, हे नवख्या मुलाला कळत नाही. सिम्युलेशन हा गोंधळ बाजूला ठेवतं.

मी मात्र तो गोंधळ शेवटी परत आणते. पडद्यावर ०.४५ तीनदा मोजून झालं की प्रत्येक गटाला दोन खरे बल्ब, घट आणि तारा देते. मागे एका गटात दोन्ही बल्ब पेटले, पण पहिला स्पष्टपणे जास्त उजळ होता. ज्या मुलाने सुरुवातीला ‘पहिला’ म्हटलं होतं तो उठून उभाच राहिला. “बघा बाई, मी म्हणत होतो!” मी काहीच बोलले नाही. त्याच्या शेजारच्या मुलीने थोडा वेळ बल्बांकडे पाहिलं, मग होल्डरमधून दोन्ही बल्ब काढले आणि त्यांची अदलाबदल करून परत बसवले. आता दुसऱ्या जागेवरचा बल्ब जास्त उजळत होता. “जागेमुळे नाही,” ती त्याला म्हणाली, “हा बल्बच वेगळा आहे.” मग दोघं मिळून माझ्याकडे मल्टिमीटर मागायला आले.